मोज्यातला उंदीर

दादरच्या एका दुकानात साडेतीनशे रुपयांचा कापडी उंदीर पाहून "याहून चांगले उंदीर आपल्या इमारतीत फुकट फिरतात" असे मी मोठ्याने म्हणालो. त्यावर सौभाग्यवतींनी उंदीर खाली ठेवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरूनच आमच्या भागूबाई मांजरीचे खेळणे आता मलाच करावे लागणार हे मी ओळखायला हवे होते.

शनिवारी मरीन लाइन्सला उतरून मी भुलेश्वर गाठले. तिथल्या दुकानदाराकडे दोन बटणे मागितली, तेव्हा त्याने माझ्याकडे करुणेने पाहिले. उंदराला डोळे दोनच असतात, पण बटणे मात्र डझनाने घ्यावी लागतात. घुंगरांचेही तेच झाले. लोकर, चहा आणि परतीच्या वाटेवर खाल्लेला वडापाव धरला, तर माझा उंदीर शिवण्यापूर्वीच साडेतीनशेच्या पुढे गेला होता; हा हिशेब मी घरात अद्याप सांगितलेला नाही.

दोन रात्री खपून, तीन वेळा बोटात सुई टोचून घेऊन मी जो प्राणी शिवला, तो परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाचीने येताक्षणी तपासायला घेतला. "मामा, डोळे काढा, ती गिळेल." मी डोळे काढले. "घुंगरूही काढा." तेही निघाले. लोकरीच्या शेपटीवर तर तिने व्याख्यानच दिले: मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा तिला सहजी थुंकता येत नाही, आणि पोटात गेलेला लांब धागा आतडी गोळा करून कापूही शकतो. हे ऐकल्यावर मी शेपटी स्वतःच कापली. उरला तो माझा जुना मोजा.

भाचीला माझी दया आली असावी. आमच्या कुंपणालगत पावसाळ्यात माजणाऱ्या खोकलीच्या झाडाची मुळे मांजरांना वेड लावतात, असे तिने सांगितले. मी भर पावसात छत्री सावरत ती उपटू लागलो, तेव्हा पहारेकऱ्याने "साहेब, खोकला झालाय का?" असे आपुलकीने विचारले. हो म्हणणे सोपे होते. वाळलेली मुळे भरलेला मोजा भागूबाईसमोर ठेवताच तिने त्यावर गाल घासले, लोळण घेतली, मागच्या पायांनी त्याला तुडवले आणि दहा मिनिटांनी पाठ फिरवून ती झोपी गेली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओळखही दाखवली नाही.

"मेलेल्या उंदराशी कोण खेळेल, मामा? तो पळायला हवा. तोही तिच्यापासून लांब. उंदीर कधी मांजराच्या अंगावर धावून जातो का? मध्येच थांबवा, सोफ्याआड लपवा, शेवटी तिला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. दोरी मात्र खेळ संपला की कपाटात."

थोडक्यात, मी दोन रात्री जे शिवले तो केवळ सुटा भाग होता आणि यंत्र मीच होतो. हे यंत्र पहाटे पाचला चालू होते, कारण मांजराला शिकारीची हुक्की येते ती पहाटे आणि तिन्हीसांजेला. मोज्याला पायजम्याचा जुना नाडा बांधून मी रोज दिवाणखान्यात रांगतो.

परवा दूध आत घेतल्यावर दार उघडेच राहिले होते. शिवाजी पार्कला फेरी मारायला निघालेल्या शेजारच्या आप्पांनी मला सोफ्याखाली डोके घातलेल्या अवस्थेत पाहिले. "काय हरवलं हो?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता तो भला माणूस गुडघे टेकून माझ्याबरोबर शोधू लागला. कशाचा शोध चालला आहे, हे कोणत्या शब्दांत सांगावे याचा मी विचार करत होतो. एवढ्यात भागूबाई मोजा सोडून सावकाश वळली. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या, मागचा भाग डावीउजवीकडे डुलू लागला, आणि तिची नजर कुठे लागली आहे हे पाहिले, तेव्हा मला आप्पांच्या सदऱ्याखालून लोंबणारा, त्यांच्या प्रत्येक हालचालीबरोबर फरशीवरून सरपटणारा पायजम्याचा नाडा दिसला.