हाताखालच्या मुलाचं नाव

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून गावाकडून येणाऱ्या फोनांचा विषय बदलला. पूर्वी पुतणे-भाचे एमएसच्या प्रवेशाबद्दल विचारायचे. आता त्यांच्या ओळखीतल्या कुणाचे तरी वडील विचारतात, ‘ताई, तिकडं गवंड्याला खरंच एवढा मान आहे का?’ कारण त्या करारासाठी निघालेल्या यादीत परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री यांच्या जोडीने रंगारी, सुतार, प्लंबर आणि ‘वीट/फरशीसाठी गवंडी’ही होते.

मी याच राज्यात, श्टुटगार्टजवळ, इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात काम करते. साइटवर जाणं रोजचंच, त्यामुळे या प्रश्नाला ‘हो, आहे’ असं उत्तर मी खात्रीने देते. पण हा मान येतो कुठून, ते फोनवर सांगून होत नाही.

करारावरून महाराष्ट्रात जो वाद चालतो त्यात एक बाजू म्हणते, पोरं बाहेर जाऊन चार पैसे कमावतील. दुसरी म्हणते, इथे चांगला मिस्त्री मिळत नाही म्हणून बिल्डर रडतात आणि आपण आहेत तेही पाठवायला निघालो. हल्ली यात एक तिसरी सूचना ऐकू येते: बांधकामात शिकणाऱ्या तरुणांना पुरस्कार द्या, त्यांचे सत्कार करा, म्हणजे मराठी मुलं या कामाकडे वळतील आणि ‘बाहेरचे आले’ ही तक्रारही मिटेल. उत्तम शिकाऊला गौरवावं, जाहीरपणे गौरवावं, या मताची मी पक्की आहे. पण आपल्याकडे गौरव करायला आधी शिकाऊ सापडला पाहिजे. तो कागदावर कुठेच नाही, हे माझं म्हणणं आहे.

इथे गवंडी व्हायला तीन वर्षं लागतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बांधकाम कंपनीशी लेखी करार करतो आणि तो करार चेंबरच्या, म्हणजे त्या भागातल्या व्यावसायिकांच्या अधिकृत संस्थेच्या, नोंदवहीत चढतो. मग वर्षातला काही काळ व्यवसायशाळेत, काही काळ सामाईक प्रशिक्षण केंद्रात आणि बाकीचा साइटवर. पगार पहिल्या महिन्यापासून; सध्या पहिल्या वर्षी महिन्याला हजार युरोंच्या थोडा वर. केंद्रात मुलं भिंत बांधतात, मोजून घेतात, पाडतात आणि त्याच विटांनी पुन्हा बांधतात. माल चुन्याचा असतो, म्हणून विटा सुटतात आणि परत वापरता येतात. चुकायला तिथे भरपूर जागा आहे; साइटवर ती नसते. दोन वर्षांनी पहिली परीक्षा, तिसऱ्या वर्षाअखेरीस दुसरी. परीक्षक मंडळात मालकांचे प्रतिनिधी, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसायशाळेचा शिक्षक असतो.

पास झालेल्यांचा समारंभ गावातल्या मोठ्या सभागृहात होतो. आईवडील येतात, मालक येतात, पुष्कळदा महापौरही असतात. व्यवसायसंघाचा प्रमुख शिकाऊपण संपल्याचं जाहीर करतो, एकेकाचं नाव पुकारतो आणि प्रमाणपत्र हातात देतो. नंतर स्थानिक वर्तमानपत्रात फोटोखाली नावं छापून येतात: कोण, कोणत्या व्यवसायात, कोणत्या कंपनीत शिकला. मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा तपशील. अमुक मुलगा पहिला आला, म्हणजे तमुक फर्मने नीट शिकवलं, हे सगळ्या तालुक्याला कळतं. पुढच्या वर्षी आईवडील आपली मुलं घेऊन त्याच फर्मच्या दारात जातात.

जे सर्वांत वर येतात त्यांची वाट तिथून पुढे जाते. आधी चेंबरच्या पातळीवर, मग राज्यात, मग देशात. राष्ट्रीय स्पर्धेत गवंडी, सुतार, फरशीवाले, गिलावावाले, काँक्रीटवाले, रस्तेवाले असे बांधकामातले निरनिराळे व्यवसाय आपापली कामं करून दाखवतात आणि त्यांतूनच बांधकामाचा राष्ट्रीय संघ निवडला जाऊन जागतिक कौशल्य स्पर्धेला जातो. २०१९ साली रशियातल्या कझानला जर्मनीने फरशीकामात आणि सुतारकामात सुवर्णपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत भारतालाही आपलं पहिलं सुवर्ण मिळालं, जलतंत्रज्ञानात. आपल्याकडच्या ‘इंडियास्किल्स’मध्येही विटकाम, फरशीकाम आहे. ही स्पर्धा फार थोड्यांना ठाऊक असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पदकापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या पाठीमागची शिष्यवृत्ती. १९९१ पासून इथलं केंद्र सरकार शिकाऊपण उत्तम गुणांनी पूर्ण करणाऱ्या पंचवीस वर्षांखालच्या मुलांना पुढच्या शिक्षणासाठी पैसे देतं. आता तीन वर्षांत मिळून ती रक्कम नऊ हजार युरोंच्या आसपास जाते. त्यातून मुलगा मास्टरच्या, म्हणजे आपल्या व्यवसायातल्या उस्तादपदाच्या, परीक्षेला बसू शकतो. मास्टर झालेला गवंडी राष्ट्रीय पात्रता आराखड्यात पदवीधराच्या बरोबरीने, सहाव्या पातळीवर असतो. तो स्वतःची कंपनी काढू शकतो, शिकाऊ ठेवू शकतो आणि मनात आलं तर विद्यापीठातही जाऊ शकतो. आमच्या साइटवर असा मास्टर नकाशातली चूक दाखवतो तेव्हा ऑफिसातले आम्ही सगळे निमूट ऐकून घेतो. मुद्दा हाच, की सत्कार झाल्यावर त्या मुलाच्या पगारात, पात्रतेत आणि पुढच्या दहा वर्षांत फरक पडतो.

आणि हे सगळं परवडतं कसं? जर्मनीतल्या बहुतेक बांधकाम कंपन्या लहान आहेत, मूठभर माणसांच्या. अशा कंपनीने वर्षभर शिकाऊला पोसायचं आणि तयार झाल्यावर शेजारच्याने जास्त पगार देऊन न्यायचं, असं होणार असेल तर शिकवील कोण? म्हणून इथे सोका-बाऊ नावाचा सामाईक निधी आहे, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना यांनी मिळून चालवलेला. शिकाऊ ठेवा किंवा ठेवू नका, बांधकाम कंपनीला वर्गणी भरावीच लागते. जी कंपनी शिकाऊ ठेवते तिला त्याच्या पहिल्या वर्षातला दहा महिन्यांचा पगार या निधीतून परत मिळतो, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांचा, तिसऱ्या वर्षी एका महिन्याचा. पहिल्या वर्षी मुलगा शिकतो, तिसऱ्या वर्षी तो स्वतः भिंत उभी करतो, म्हणून हा उतरता हिशेब. शिवाय प्रशिक्षण केंद्राचा खर्चही त्यातूनच निघतो.

आता आपल्याकडे बघू. नांदेडहून, सोलापूरहून, कलबुर्गीहून किंवा बिहारमधून आलेला मुलगा पुण्याच्या मजूर अड्ड्यावर बिगारी म्हणून उभा राहतो. माल कालवतो, विटा पोचवतो, भिंतीवर पाणी मारतो. मिस्त्री जेवायला बसला की थापी हातात घेऊन बघतो. ओळंबा कसा सोडायचा, दोरी कशी ताणायची, गुण्या कुठे लावायचा, हे सगळं तो बघून शिकतो. हात चांगला असला तर मुकादम हजेरी वाढवतो. असा शिकलेला मिस्त्री कमी दर्जाचा असतो असं मी मुळीच म्हणणार नाही. आपली शहरं याच हातांनी बांधली. पण तो मुलगा कधी शिकाऊ होता, कोणाकडे शिकला, केव्हा तयार झाला, याची नोंद कुठेच नाही. किमान वेतनाच्या अधिसूचनेत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे तीन वर्ग आहेत. आपण कोणत्या वर्गातले, हे त्याने दुसऱ्या शहरात कसं सिद्ध करायचं? तिथे पुन्हा बिगारीपासून सुरुवात.

कायदा नाही असं नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचे असतात. त्यांच्या विद्यावेतनातला पंचवीस टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कारखान्यांत हे चालतं. बांधकामात मात्र बिल्डरच्या पगारपत्रकावर इंजिनिअर, सुपरवायझर आणि अकाउंटंट असतात. विटकाम एका ठेकेदाराकडे, सेंटरिंग दुसऱ्याकडे, सळई तिसऱ्याकडे, गिलावा चौथ्याकडे. प्रत्येकाकडे पंधरा-वीस माणसं, आणि तीही पुढच्या साइटवर बदललेली. जिथे प्रत्यक्ष काम शिकलं जातं, तिथवर कायदा पोचतच नाही. बिल्डर मोठा असो की छोटा, यात फरक पडत नाही.

पैसाही आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आला आणि राज्यात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ काम करतं. देशभर हा उपकर गोळा होऊन पडून राहतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना खडे बोल सुनावले होते. महाराष्ट्रात या पैशातून मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, सुरक्षा संच, भांड्यांचा संच दिला जातो. भांड्यांवरून वर्तमानपत्रांत पुष्कळ टीका झाली. मी त्यात भर घालणार नाही. साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत संसार करणाऱ्या बाईला कुकर मिळाला तर चांगलंच आहे. पण मंडळाकडे नाव नोंदवायला कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो काय करू शकतो हे त्या दाखल्यात कुठे येत नाही. एवढी मोठी नोंदणीची यंत्रणा हाताशी असताना हा एक रकाना का नसावा?

या नव्वद दिवसांच्या हिशेबात बायाही येतात, म्हणून त्यांच्याबद्दल. आपल्या साइटवर त्या घमेली वाहतात, वाळू चाळतात, आयुष्यभर बिगारी राहतात. नवऱ्याच्या हातात थापी येते, तिच्या येत नाही. झारखंडमध्ये शौचालयांच्या बांधकामातून ‘राणी मिस्त्री’, म्हणजे गवंडी बायका, तयार झाल्या, तेव्हा हे काम बायकांना जमतं का हा प्रश्न निकालात निघाला. जर्मनीत गवंडीकामात मुली फार थोड्या आहेत, पण ज्या करार करतात त्यांना तीन वर्षांनी प्रमाणपत्र मिळतंच, मुकादमाची मर्जी असो वा नसो. आपल्याकडे शिकाऊंची नोंद सुरू झाली तर पहिला फायदा या बायांचा होईल असं मला वाटतं.

जर्मनीची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि कोण विद्यापीठाच्या वाटेने जाणार, कोण हातकामाच्या, हे तिथेच बरंचसं ठरतं. स्थलांतरितांच्या मुलांना त्याचा जास्त फटका बसतो. शिकाऊ करारांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मुदतीआधी मोडतात. आणि २००४ मध्ये फरशीकामाच्या व्यवसायासाठी मास्टरची अट काढली, तेव्हा एकट्यादुकट्याच्या फर्म भराभर उगवल्या आणि मुलं शिकवणारे कमी झाले. २०२० मध्ये अट परत आणावी लागली.

आपल्याकडे तर या वर्गवारीत जात आहे. वडार, बेलदार, पाथरवट, सुतार: काम जन्मावरून ठरत आलं, आणि म्हणूनच शिकलेली मुलं त्यापासून दूर पळतात. त्यांचं पळणं मला समजतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत गवंडी आणि सुतार आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि स्वस्त कर्ज आहे. ते जरूर मिळावं. मात्र त्या योजनेची भाषा गुरु-शिष्य परंपरेची आणि कुटुंबात चालत आलेल्या व्यवसायाची आहे. मला परीक्षा हवी ती याचसाठी. देशमुखाच्या मुलीनेही भिंत बांधून दाखवावी, वडाराच्या मुलानेही, आणि ओळंबा लावून बघणाऱ्याने दोघांचं आडनाव विचारू नये.

चांगल्या गोष्टी घडत नाहीत असं नाही. पनवेलला एल अँड टीचं बांधकाम कौशल्य केंद्र आहे, पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेने ‘कुशल’ नावाने साइटवर जाऊन कामगारांना शिकवलं आहे, आयटीआयच्या मुलांसाठी २०२२ मध्ये विश्वकर्मा जयंतीला पहिल्यांदा दीक्षान्त समारंभ झाला. या धाग्यांना जोडणारी गाठ नाही, एवढंच.

पुरस्कार सुरू करणाऱ्यांना म्हणून माझं सांगणं असं. पहिल्या वर्षी एकच शहर घ्या, नाशिक घ्या. ठेकेदाराच्या हाताखालचे विशीच्या आतबाहेरचे मुलगे-मुली कामगार कल्याणकारी मंडळाकडे शिकाऊ म्हणून नोंदवा, आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीचं नाव त्याच पानावर लिहा. शिकाऊच्या विद्यावेतनाचा वाटा उपकरातून ठेकेदाराला परत द्या, पहिल्या वर्षी जास्त, पुढे कमी. दोन वर्षांनी आयटीआयच्या आवारात परीक्षा घ्या: कोपऱ्याची भिंत, एक कमान, चार चौरस मीटर गिलावा. जो पास होईल तो किमान वेतनाच्या ‘कुशल’ वर्गात, राज्यात कुठेही, हे शासन निर्णयात लिहा. पहिल्या आलेल्या दहांना पुढच्या डिप्लोमाची फी द्या आणि सरकारी कामांच्या निविदेत त्यांच्या ठेकेदाराला गुण द्या.

परीक्षक कोण, हा प्रश्न लगेच येईल, कारण आज तपासू शकणाऱ्या मिस्त्रींपैकी बहुतेकांकडे स्वतःचा एकही कागद नाही. त्यांना आधी बोलवा. तीस वर्षं काम केलेल्यांनी एक दिवस काम करून दाखवावं, त्यांचं काम त्यांच्यातल्याच दोघांनी आणि एका प्राध्यापकाने बघावं, आणि जे उतरतील त्यांना पहिली प्रमाणपत्रं देऊन परीक्षक नेमावं, दिवसाच्या मानधनासह.