गोठ्याच्या दगडी भिंतीला ऑइल पेंट? थांबा!

खुलासा : ‘जुन्या गोठ्याच्या भिंतीला ऑइल पेंटचे दोन हात मारा, ओल कायमची थांबते’ असा मेसेज सध्या साताऱ्यात फिरतोय. तो चुकीचा आहे.

आपल्याकडचा काळा दगड पाणी फारसं पीत नाही. ओल चढते ती दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, पायाकडून. जावळी-पाटणच्या पावसात तर चढतेच. मातीच्या किंवा चुन्याच्या दरजांतून ती उन्हाळ्यात वाळून बाहेर पडते. वरून ऑइल पेंटचा थर दिला की ओल आतच कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. नखानं उचकटून बघा, मागची माती ओली लागते. सिमेंटनं दरजा भरल्यावरही हेच होतं.

अशा भिंतीला चुनाच बरा. तारेच्या ब्रशनं भिंत घासा, सुट्या दरजा चुना-वाळूनं भरा, मग भिंत ओली करून चुन्याचे पातळ हात द्या. जाड हात सालपटासारखा सुटतो. आधीचा ऑइल पेंट खरवडल्याशिवाय चुना धरत नाही.

चुन्यासाठी चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) भिजवताना पाणी उकळतं, डोळ्यांना चष्मा लावाच. पोरांना आणि जनावरांना लांब ठेवा.