काचघरे, दृष्टिरेषा आणि आमचे टेबल : आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

रविवारच्या वॉरहॅमर ४०,००० या छोट्या मॉडेलांच्या युद्धखेळाच्या डावानंतर आपण आमच्या नाशिकच्या गेमिंग रूमला दोन तारे दिलेत. टेबलावरच्या पारदर्शक काचघरापलीकडची शत्रूची तुकडी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही आमच्या सहकाऱ्याने लासकॅनन या तोफेचा मारा करू दिला नाही, टेरेनच्या, म्हणजे टेबलावर मांडलेल्या इमारती-खडकांच्या, दाटीमुळे लांब पल्ल्याची शस्त्रे वाया गेली आणि परग्रहावरच्या वसाहतीत द्राक्षांच्या डब्यांची काचघरे शोभत नाहीत, असे आपले म्हणणे आहे. आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे.

माऱ्याबाबत सहकाऱ्याने दिलेला निर्णय मला पूर्णपणे मान्य आहे. २०२३ मध्ये आलेल्या नियमांच्या दहाव्या आवृत्तीत दृष्टिरेषा एरवी प्रत्यक्षच धरतात. मॉडेलच्या मागून डोळा लावून पाहायचे आणि लक्ष्याचा एखादा भाग जरी दिसला, तरी ते दिसले असे मानायचे. ‘रुइन्स’ (भग्नावशेष) या टेरेनच्या वर्गाला मात्र वेगळा नियम आहे. भिंतीला खिंडार असो वा खिडकी, त्या टेरेनच्या आरपार पाहता येत नाही. बाहेरून आत मात्र पाहता येते, आणि मॉडेल पूर्णपणे आत असेल तर त्याला बाहेरचेही दिसते. कोणती वस्तू कोणत्या वर्गात धरायची, हे दोन्ही खेळाडूंनी डावापूर्वी ठरवायचे असते. आमच्या टेबलावरच्या कार्डावर काचघरे ‘रुइन्स’ म्हणून नोंदलेली आहेत, आणि ते कार्ड फासे टाकण्यापूर्वी वाचून दाखवले होते. आपले लक्ष्य काचघराच्या मागे होते. ते आत असते, तर मारा वैध ठरला असता. समोरच्याला फक्त आडोशाचा फायदा, म्हणजे सेव्हवर (मार चुकवण्यासाठी टाकलेल्या फाशावर) एक अधिक, मिळाला असता.

दाटी आम्ही विचारपूर्वक ठेवतो. टेबल ६० बाय ४४ इंचांचे आणि लासकॅननचा पल्ला ४८ इंचांचा, म्हणजे ती तोफ एका लांब कडेला उभी राहून समोरच्या लांब कडेपर्यंत सहज पोहोचते. अशा टेबलावर मोकळे मैदान ठेवले, तर पहिली पाळी ज्याची, त्याचाच डाव; दुसऱ्याने आठवडे घालवून रंगवलेली पायदळाची तुकडी एक पाऊलही न टाकता पेटीत परत जाते. हे मला मनापासून खटकते. रणगाड्यांसाठी मोकळ्या वाटा आम्ही ठेवतो. त्यांतून तोफ पुढे आणून मारा साधणे, हाच या खेळातला कस आहे.

आता डब्यांविषयी. आमच्या जिल्ह्यातली द्राक्षे ज्या पारदर्शक डब्यांतून बाजारात जातात, तेच डबे उलटे ठेवून आम्ही ही वसाहत उभी केली आहे. डब्यांवरच्या हवेच्या फटी २८ मिलिमीटरच्या मॉडेलशेजारी थेट वायुवीजनाच्या जाळ्यांसारख्या दिसतात, म्हणून त्या बुजवलेल्या नाहीत. गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही. त्यामुळे चौकटीच्या जागा आधी पॉलिश पेपरने घासून मगच करडा रंग दिला आहे, आणि आतल्या वाफ्यांत रंगवलेल्या स्पंजचे तुकडे फेविकॉलने बसवले आहेत. बाजूचे खडक फोमचे आहेत. स्प्रेमधल्या द्रावकाने फोम विरघळतो, म्हणून त्यावर फेविकॉलचा थर देऊन ब्रशनेच काम केले आहे, आणि त्यातली खांबांची ओसरी पांडवलेणी पाहून कोरली आहे. महागडे तयार टेरेन न मागवता आपल्या गावातल्या वस्तूंतून परका ग्रह उभा राहतो, याचे मला मोल वाटते, आणि ही काचघरे मी काढणार नाही.

तरीही पारदर्शक वस्तूच्या आरपार दिसायला हवे, हा आपला आग्रह अनेक खेळाडूंना पटेल असा आहे. समोरचा खेळाडू राजी असेल, तर डावापूर्वी काचघरांचा वर्ग बदलून घ्यावा. कार्ड कोरे करून देऊ. अपारदर्शक भिंतींचा वेगळा संचही आहे, तो हवा असल्यास टेबल आरक्षित करतानाच सांगावे, म्हणजे आपण येण्यापूर्वी मांडून ठेवता येईल.

आपला,
संचालक