विल्यमचं गणगोत: फिरणाऱ्या एका पोस्टला उत्तर

‘ना घराणं, ना नातलग. कातडी कमावणाऱ्याचा नातू, लग्नाबाहेर जन्मलेला पोर. नकार देणाऱ्या राजकन्येला वेणी धरून फरफटत नेलं आणि तीच बायको झाली. शेवटी नुसत्या तलवारीच्या जोरावर चुलत भावाची गादी मिळवली.’ उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या विल्यमबद्दलची ही पोस्ट जिद्दीचं उदाहरण म्हणून सगळीकडे फिरते आहे.

विल्यमच्या जिद्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ‘ना नातलग’ वाचून हसू आलं. या माणसाला लहानपणी नातलगांनीच जगवलं आणि मोठेपणी नातलगांनीच छळलं.

आधी ते कातड्याचं. विल्यम 1028 च्या आसपास फालेझला जन्मला. आई हर्लेव्हा, तिचा बाप फुल्बर्ट. विल्यमनं आलाँसाँ शहराला घातलेल्या वेढ्यात किल्ल्यावरच्या लोकांनी कातडी आपटून विल्यमला त्याच्या आजोळावरून डिवचलं आणि त्यानं पकडलेल्यांचे हातपाय तोडले, ही गोष्ट ऑर्डेरिक व्हिटालिस हा भिक्षू सांगतो. तो लिहितो बाराव्या शतकात, म्हणजे दोन पिढ्यांनी. त्यानं फुल्बर्टच्या धंद्यासाठी वापरलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रेताची अखेरची तयारी करणारा’ असा घ्यावा, असंही काही अभ्यासक म्हणतात. शिवाय हाच ऑर्डेरिक फुल्बर्टला ड्यूकच्या खासगीकडचा अधिकारी म्हणतो. मुलीमुळे ती जागा मिळाली असेलही. तरी आपल्याकडची जातीची उतरंड मनात ठेवून हे वाचलं तर फसायला होतं. हर्लेव्हाचं पुढे एर्लुआँ नावाच्या सरदाराशी रीतसर लग्न झालं आणि त्या लग्नाचा एक मुलगा बिशप झाला, दुसरा काउंट.

लग्नाबाहेरचा, हे मात्र खरं. पण त्यामुळे तो घराण्याबाहेरचा ठरत नव्हता. 911 मध्ये फ्रान्सच्या राजाकडून मुलूख मिळवणाऱ्या रोलो या व्हायकिंग सरदाराचं हे घराणं. ‘डेन लोकांच्या रीतीनं’ ठेवलेल्या बायकांची मुलं तिथे आधीपासून गादीवर येत होती. विल्यमचा पणजोबा पहिला रिचर्ड अशाच आईचा मुलगा. बाप रॉबर्ट जेरुसलेमच्या यात्रेला निघाला तेव्हा त्यानं सरदारांना जमवून या पोराशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. 1035 मध्ये परतीच्या वाटेवर रॉबर्ट वारला आणि सातआठ वर्षांचा विल्यम ड्यूक झाला. ज्याला वारस म्हणून सरदारांसमोर उभं केलं गेलं, त्याला ‘ना घराणं’ कसं म्हणायचं?

आता नातलग. सुरुवातीची दोन वर्षं त्याची पाठराखण केली ती रुआँचा आर्चबिशप रॉबर्ट यानं. हा त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ. 1037 मध्ये तो गेला आणि मग पालकांचे खून पडू लागले. ऑस्बर्न नावाच्या कारभाऱ्याला तर विल्यमच्या झोपायच्या खोलीतच मारलं. त्या दिवसांत हर्लेव्हाचा भाऊ वॉल्टर भाच्याजवळ निजायचा आणि रात्री-अपरात्री त्याला उचलून गरिबांच्या झोपड्यांत नेऊन लपवायचा, असं ऑर्डेरिक लिहितो. पोस्टवाल्यांनी ज्या आजोळाची कीव केली, त्याच आजोळच्या मामानं पोर वाचवलं.

आणि भाऊबंदकी? 1047 मध्ये वाल-ए-द्यूनला बंडखोरांचं सैन्य उभं राहिलं, त्याचा म्होरक्या बर्गंडीचा गी. हा विल्यमचा आतेभाऊ, त्याच्याच घरात वाढलेला आणि औरस. विल्यम जिंकला तो फ्रान्सचा राजा पहिला आंरी जातीनं मदतीला आला म्हणून. पुढे 1053 च्या सुमारास आर्कचा काउंट उलटला. तो सावत्र काका.

विल्यमची बायको मटिल्डा, तिची वेणी हे पोस्टचं सगळ्यात लोकप्रिय वाक्य आणि सगळ्यात पोकळ. समकालीनांपैकी कोणीही असं काही लिहिलेलं नाही, हे नंतर रचलेलं आहे. (बाईला मारलं की ती वश होते, हे आजही कौतुकानं शेअर होतं, याची मला जास्त चीड येते.) कागदावर आहे ते वेगळंच: 1049 मध्ये रँसच्या धर्मसभेत पोप नववा लिओ यानं या लग्नाला मनाई केली. लग्न तरीही झालं. पुढे काँ शहरात नवऱ्यानं एक आणि बायकोनं एक असे दोन मठ बांधले, ते या दोषाचं प्रायश्चित्त म्हणून, असं सांगतात. 1066 मध्ये विल्यम समुद्रापार गेला तेव्हा नॉर्मंडीचा कारभार मटिल्डाकडे होता आणि त्याचं स्वतःचं जहाज ‘मोरा’ ही तिचीच भेट.

पण या लग्नाचा खरा लाभ सासऱ्याकडून झाला, आणि पोस्टमध्ये तो औषधालाही नाही. मटिल्डा फ्लँडर्सच्या पाचव्या बाल्डविनची मुलगी, आईकडून फ्रान्सच्या राजाची नात. 1060 मध्ये राजा आंरी वारला. एव्हाना तो विल्यमचा मित्र राहिला नव्हता, दोनदा नॉर्मंडीवर चालून आला होता. गादीवर आला लहानगा फिलिप आणि त्याच्या नावानं राज्य चालवू लागला हाच बाल्डविन. त्याच वर्षी आंजूचा काउंट जोफ्रुआ हा जुना वैरीही मेला. सैन्य घेऊन समुद्र ओलांडताना पाठीमागे पॅरिसमध्ये सासरा बसलेला असणं याला नुसती तलवार म्हणत नाहीत.

गंमत म्हणजे सोयरीक पलीकडच्या बाजूलाही होती. इंग्लंडचा राजा हॅरल्ड याचा भाऊ टॉस्टिग. त्याची बायको ज्युडिथ बाल्डविनची सावत्र बहीण, म्हणजे मटिल्डाची आत्या. ज्युडिथची आई विल्यमच्या वडिलांची बहीण, म्हणून ती विल्यमची आतेबहीणही. हा टॉस्टिग भावावर रुसून नॉर्वेच्या राजाला घेऊन आला आणि 25 सप्टेंबर 1066 रोजी स्टॅमफर्ड ब्रिजला मारला गेला. हॅरल्ड अजून उत्तरेतच होता आणि तीन दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला. 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जची लढाई झाली.

राहिला ‘चुलत भाऊ’. इंग्रजीतला ‘कझिन’ डोळे मिटून मराठीत आणला की असं होतं. एमा ही विल्यमच्या आजोबांची बहीण. 1002 मध्ये तिचं इंग्लंडच्या एथेलरेडशी लग्न झालं, त्यांचा मुलगा एडवर्ड. हा हॅरल्डच्या आधीचा इंग्लंडचा राजा, पोस्टमधली गादी त्याचीच. म्हणजे एडवर्ड विल्यमच्या वडिलांचा आतेभाऊ, नात्यानं काका. नातं सगळं एमाकडून. इंग्लंडच्या राजघराण्याचं रक्त विल्यममध्ये थेंबभरही नव्हतं. ते होतं एडगर या मुलामध्ये, एडवर्डच्या सावत्र भावाच्या नातवामध्ये. हेस्टिंग्जला हॅरल्ड मारला गेल्यावर लंडनकरांनी एडगरला राजा म्हणून निवडलंही, पण राज्याभिषेकाआधीच त्याला विल्यमला शरण जावं लागलं. विल्यमचं म्हणणं होतं की एडवर्डनं आपल्याला गादीचा शब्द दिला होता आणि हॅरल्डनं तशी शपथ घेतली होती. ते नातं त्या म्हणण्याला आधारापुरतं होतं. वारसाहक्क म्हणून ते टिकलं नसतं.

पोस्टखालचं चित्र बायोच्या कापडाचं, म्हणजे या स्वारीची गोष्ट चित्रांत सांगणाऱ्या जुन्या कापडाचं आहे आणि ‘हे राणीनं विणलं’ असं खाली लिहिलंय. कापड विणलेलं नाही, लिननच्या पट्टीवर लोकरीनं भरलेलं आहे, जवळजवळ 70 मीटर. आणि ते करवून घेतलं ते बहुधा बायोचा बिशप ओडो यानं, म्हणजे हर्लेव्हाच्या त्या बिशप मुलानं. लढाईच्या प्रसंगात हातात सोटा घेऊन पोरांना हुरूप देताना तो स्वतःच दिसतो. त्याच्या अलीकडे, सैन्य उतरल्यानंतरच्या एका प्रसंगात तिघे शेजारी बसलेत आणि वर नावं भरलीत: ओडो, विल्यम, रॉबर्ट. बाप दोन, आई एकच. फुल्बर्टच्या लेकीचे तीन मुलगे. ती स्वतः त्या 70 मीटरांत कुठेच नाही.