काकू, जरा साईडला थांबता का?

तर गेल्या रविवारी सख्ख्या भाच्याच्या लग्नात मला फोटोतनं बाहेर काढलं. धक्का देऊन नाही हां, एकदम गोडीत. "काकू, जरा साईडला थांबता का दोन मिनिटं, तुमचा कलर मॅच होत नाहीये." बोलणारा पोरगा पंचविशीतला, कानात काहीतरी खुपसलेलं, हातात टॅब. इव्हेंटवाला पुण्याहून आणलेला, म्हणजे विषयच संपला. ज्याच्या कानात बारशाला कुर्र करून मी नाव सांगितलं त्याच्याच लग्नात फॅमिली फोटोत आत्याला जागा नाही, का तर आत्याच्या अंगावर आईचं डाळिंबी इरकल आणि मागं भाड्याचा लव्हेंडर पडदा.

चूक माझीच म्हणा. ग्रुपवर महिनाभर आधी कुठल्या कार्यक्रमाला कुठला रंग घालायचा त्याचा चार्ट आलेला. मी वाचला, हसले आणि विसरले. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून चार सल्ले देते, फुकटात. लग्नसराई अजून संपलेली नाही, तेव्हा लगेच अंमलात आणा.

पहिलं म्हणजे रंगांची जुनी नावं विसरा. अबोली, मोतिया, चिंतामणी, आमसुली, गुलबक्षी असलं काही दुकानात जाऊन बोललात तर काऊंटरवरची पोरगी तुमच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघते. आता रंग म्हणजे पीच, मिंट, सेज ग्रीन, डस्टी रोझ, ऑनियन पिंक. सेज ग्रीन म्हणजे तोच हो, आपला शेवाळी, वीस वेळा धुऊन विटल्यावर जो होतो तो. आणि ऑनियन पिंक म्हणजे कांद्याच्या सालीचा रंग. कांदा म्हटलं की आमच्या कोल्हापूरचा लक्ष्मीपुरी बाजार, ऑनियन म्हटलं की साडेसहा हजार. आणि हे सगळे रंग एकदम फिके असले पाहिजेत, इतके फिके की आमच्यासारख्या सावळ्या बाईनं नेसले की साडी कुठं संपली आणि आजारपण कुठं सुरू झालं तेच कळत नाही. पण ते बघायचं नाही. पडद्याला शोभतंय का तेवढं बघायचं.

दुसरं, एका लग्नाला पाच पोशाख. मेंदीला बॉटल ग्रीन, हळदीला पिवळा, संगीतला 'ग्लॅम' (हा रंग आहे का कापड आहे मला शेवटपर्यंत कळलं नाही), लग्नाला मुलाकडचे लव्हेंडर आणि मुलीकडचे पीच, रिसेप्शनला वाईन. लग्न आहे का कबड्डीची मॅच?

हळदीचं तर काय बोलायचं. आमच्याकडं हळदीला जुन्यातली जुनी साडी काढायचे, कारण हळदीचा डाग काय चीज आहे हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत. साबण लावला की लालभडक, घासाल तेवढा पसरणार, शेवटी उन्हात टाकून टाकून फिका पाडायचा. म्हणून जुनी साडी. म्हणून मोकळेपणानं माखता यायचं, आजी-मावश्या एकमेकींच्या तोंडाला हळद फासून खिदळायच्या. आता हळदीसाठी खास अडीच हजाराची पिवळी जॉर्जेट, वर कागदी फुलांचे दागिने, आणि एवढं सगळं घालून प्रत्येक जण ओरडतोय, मला लावू नका हं, ड्रेस खराब होईल! हळदीत हळद नको. बोटाच्या टोकानं गालाला एक ठिपका, फोटो, झालं.

आणि हे सगळं मे महिन्यात. पॉलिस्टरमध्ये. बायकांच्या पाठीला घामोळं, पुरुष इंडो-वेस्टर्नच्या कॉलरीत रुमाल कोंबून बसलेले. आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे, तिथं १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून ते गाव जगाला सुती कापड घालतंय, महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवून घेतंय, आणि आपण भर उन्हात प्लॅस्टिक गुंडाळून बसतो आणि एसी नीट चालत नाही म्हणून हॉलवाल्याशी भांडतो.

तिसरं, पुरुषांनी सगळ्यांनी एकसारखी जॅकेटं घालावीत. वाढप्यांनीही तीच घातली तर उत्तमच. आमच्या दादांकडं तीन पाहुण्यांनी मठ्ठा मागितला. त्यांनी दोघांना आणून दिला, स्वभावच तसा.

फाटकी जीन्स: नो कमेंट्स.

शेरवानीखाली पांढरे स्पोर्ट शूज: तुमचे पाय, तुमचं नशीब.

चौथं, खिसा मागू नका. बायकांनी तर अजिबात नको. राजारामपुरीत एका दुकानात कुर्ता घेतला, दोन्ही बाजूला झकास खिसा दिसत होता, घरी येऊन हात घातला तर शिवलेला, नुसती पट्टी. दुकानदार म्हणतो, "वहिनी, तो लूकसाठी असतोय." लूकसाठी! उद्या लूकसाठी बाही लावाल आणि हात घालायला जागा ठेवणार नाही. २०१८ साली 'द पुडिंग' नावाच्या एका वेबसाईटनं २० ब्रँडच्या जीन्स घेऊन पट्टीनं खिसे मोजले होते, बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. म्हणजे दुखणं जगभरचं आहे. आमच्या गल्लीतला टेलर शंभर रुपये घेऊन खरा खिसा लावून देतो, वर विचारतो, एवढं काय ठेवायचं असतंय हो तुम्हाला? स्कूटीची किल्ली, बाबा. मोबाईल, रुमाल, पन्नासची नोट. तुझ्या खिशात जे असतं तेच.

आता चपलेचं. इथं मात्र जरा वेळ घेणार.

सल्ला असा की कोल्हापुरी पायताण घालायचं की नाही हे स्वतः ठरवायच्या भानगडीत पडू नका, इटलीचं काय म्हणणं आहे बघून घ्या. आमच्या घरचीच गोष्ट. माझी दुसरी भाची, नवऱ्यामुलाची बहीण, कॉलेजला असल्यापासून मला म्हणायची, "आत्या, ते गावठी चप्पल घालून माझ्याबरोबर येऊ नको ना, करकर वाजतंय किती." वाजतंयच ते, कापशी आहे, कोल्हापुरीतलाच एक प्रकार, वाजायलाच पाहिजे, माझे वडील गल्लीच्या तोंडाशी आले की आई आवाजावरनं चहाचं आधण ठेवायची. पण ठीक आहे, नाही आवडत, नको घालू, मी काय जबरदस्ती केली नाही. मग २०२५ चा जून उजाडला. मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये गोरी गोरी पोरं आपल्यासारखीच चप्पल घालून चालली. आधी नुसतंच 'लेदर सँडल' म्हणाले, कोल्हापूरचं नाव नाही, किंमत बातम्यांत लाखाच्या वर सांगत होते. इकडं गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबरनं, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं, पत्र लिहिलं, मग त्यांनी कबूल केलं की हो, भारतातल्या कारागिरांच्या चपलेवरनं घेतलंय. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. हे सगळं झालं, आणि त्या आठवड्यात आमच्या भाचीचं स्टेटस काय? 'प्राऊड कोल्हापुरी', खाली चपलेचा फोटो. चप्पल कुणाची? माझी! दारात काढलेली. फोटो काढला आणि पायात आपले क्रॉक्स घालून गेली.

अगं, या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ही याच भागाची असा सरकारी शिक्का, मिळाला, चार जिल्हे आपले आणि चार कर्नाटकातले, तेव्हा तुला काय वाटलं होतं? काही नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात, त्याला दिवसच्या दिवस जातात, कान, पट्टा, अंगठा, वेणी हातानं होते, घरातल्या बायका वेणी घालतात आणि नाव कुठंच येत नाही. चप्पल लाईनला जाऊन तिथल्या माणसाशी अडीचशे रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच, "तीनशेला ऑनलाईन मिळते" म्हणून रेक्झिनची घेणारे आपणच, आणि मिलानला चालली म्हणून छाती फुगवणारेही आपणच. सुरुवातीला ती चावते, हे खरं. तेल लावून आठ दिवस घरात घालायची, मग तुमच्या पायाची होते. एवढाही दम नसेल तर नका घालू, माझं काही म्हणणं नाही, क्रॉक्स घाला, अनवाणी फिरा. पण काल गावठी आणि आज प्राऊड, मध्ये तुझ्या पायाला काय झालं? पाय तोच, चप्पल तीच. फक्त गोऱ्यानं घातली. हे मी हळदीच्या दिवशी तिला तोंडावर बोलले, ती म्हणाली, "आत्या, तू ओव्हररिॲक्ट होतेस." असेल.

असो. सल्ले चालू होते.

पाचवं का सहावं, आवडीनिवडी ठेवू नका, ठेवल्याच तर कारण सांगू नका. आमच्या भिशीत मागच्या महिन्यात विषय निघाला, कोण काय मेलं तरी घालणार नाही. एक म्हणाली पलाझो नाही, एकदा ताराराणी चौकात सिग्नलला स्कूटीच्या चाकात गेला होता, तेव्हापासून कानाला खडा. एकीला खांद्यावर भोकं असलेले ते टॉप नकोत, थंडी वाजते म्हणे, फक्त तिथंच. एक पांढरं घालत नाही, का ते सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी विचारलं नाही. एक शिवलेली नऊवारी सोडून दुसरं नेसत नाही, तिला काष्टा घालता येत नाही आणि शिकायचंही नाही, चेन ओढली की झाली तयार, बाकीच्यांनी तिला खूप ऐकवलं, तिनं ढोकळा खात ऐकून घेतलं. मी म्हटलं मला फिकं नको. बास. एवढंच कारण. फिकं घातलं की मला मी आजारी दिसते.

आणि वहिनी म्हणाल्या, "अगं पण मी तुला पीस पाठवलो होतो की." वहिनी पक्क्या कोल्हापूरच्या, पाठवलोच म्हणणार. हो, पाठवलेला. लव्हेंडर, नेटचा, टिकल्यावाला. नाही घातला.

का नाही घातला ते आता सरळच सांगते, उपरोध राहू दे बाजूला. आईनं ते इरकल माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे नवऱ्यामुलाच्या बापाच्या लग्नात नेसलेलं. लाल-पांढरा टोपपदर आहे त्याला. इरकलचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, अंगाच्या ताण्यातला एकेक धागा पदराच्या धाग्याला फासा घालून अडकवतात आणि मग पुढं विणतात, मागनं शिवून जोडलेला नसतो. आई हे मला दर वेळी घडी घालताना सांगायची, मी दर वेळी हो हो म्हणायचे. आई जाऊन तीन वर्षं झाली. नातवाच्या लग्नात तिचं काहीतरी मांडवात असावं, एवढाच विचार होता, तोही कुणाला सांगितला नाही, सांगायचं काय त्यात. आणि तो पोरगा म्हणतो, कलर मॅच होत नाहीये. अरे कशाला मॅच करू? पडद्याला? पडदा संध्याकाळी पाच वाजता टेम्पोत घालून गेला, दुसऱ्या लग्नाला!

आणि त्या पोराला तरी काय बोलायचं, त्याला पगार त्याचाच मिळतो. चिडले मी घरच्यांवर. दादा बघत होते. वहिनी बघत होत्या. भाचा स्वतः स्टेजवर उभा, तोंड उघडलं नाही. चाळीस माणसं लव्हेंडर घालून उभी, एकानं म्हणू नये की थांब रे, ती आत्या आहे त्याची? नाही म्हटलं. कारण प्रत्येकाला एकच काळजी, आपण फ्रेममध्ये आहोत ना. अरे लाजा वाटत नाहीत का? निम्म्यांना तो रंग आवडला नव्हता, चुलतजावेनं जेवताना मला स्वतः सांगितलं, "मलापण नको होता गं, पण उगीच कशाला." उगीच कशाला, उगीच कशाला करत आपण स्वतःच्या कपाटातलं एकेक काढून टाकतोय आणि कुणी पाठवलेला पीस अंगावर घालून हसतोय. घालायचं तर घाला, पण मग दुसऱ्याला साईडला करताना गप्प तरी बसू नका.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. पोरगी रंकाळ्यावर शॉर्ट्स घालून पळायला निघाली तेव्हा "लोक काय म्हणतील" मीच म्हटलं होतं, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. परवा लग्नाहून आल्यावर तिला म्हटलं, जा, घाल काय घालायचं ते. ती म्हणाली, "मी घालतोयच की गेलं वर्षभर, तू झोपेत असतेस."

वहिनी, तुम्ही हे वाचणार, कुणीतरी ग्रुपवर टाकणारच. तो लव्हेंडर पीस तसाच आहे, फॉल-पिको केलेला नाही, ब्लाऊजही कापलेला नाही. कधीही घेऊन जा. आल्बम मात्र बघायला बोलावू नका.