नऊ जागांचा माणूस आणि आपला बारावा गडी

आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरवरचा, म्हणजे सामना सुरू असताना अकरांपैकी एकाच्या जागी येणाऱ्या बदली गड्यावरचा वाद घरी, भारतात, अजून धुमसतोय. २०२३ मध्ये आलेला हा नियम २०२७ पर्यंत राहणार आहे. या नियमामुळे शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर अशा अष्टपैलूंना गोलंदाजीच मिळत नाही, हे रोहित शर्माने २०२४ मध्ये उघड बोलून दाखवलं. इथे अमेरिकेत, बेसबॉलमध्ये, असाच वाद पन्नास वर्षं जुना आहे. तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी नुसती फलंदाजी करणारा डेझिग्नेटेड हिटर आणला. दुसरीने, नॅशनल लीगने, तो कायमचा स्वीकारला थेट २०२२ मध्ये.

मी रोहितच्या बाजूने आहे, आणि माझा दाखला आहे कुकी रोहास. हवानात १९३९ साली जन्मलेला हा बेसबॉल खेळाडू १९६२ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून उतरला. त्याची हक्काची जागा सेकंड बेस, म्हणजे दुसऱ्या थांब्याजवळचं क्षेत्ररक्षण. पण फिलाडेल्फिया फिलीजने त्याला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे), आउटफिल्ड (सीमेकडचा भाग), कॅचर (यष्टिरक्षकासारखी जागा) असं जिथे भोक पडेल तिथे उभं केलं. १९६७ मध्ये त्याने एक इनिंग पिचिंगही केलं आणि मैदानावरच्या नऊच्या नऊ जागा पुऱ्या झाल्या. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला गडी परत येत नाही, त्यामुळे असा एक माणूस बाकावरच्या दोघांचं काम करतो.

हे सोपं नसतं. सेकंड बेसवरचा थ्रो आखूड, मनगटातून सुटणारा. त्याच सवयीने आउटफिल्डमधून दोनशे फूट फेकायला गेलं की चेंडू हवेत चढतो आणि धावणारा एक बेस फुकट नेतो. डोक्यावरून जाणाऱ्या फटक्याला पहिलं पाऊल पुढे पडलं, तर तो झेल गेलाच म्हणायचा.

१९७७ मध्ये खेळणं थांबल्यावर पुढे रोहास एंजल्स या संघाचा ॲडव्हान्स स्काऊट झाला. या स्काऊटचं काम म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने आधी जाऊन पाहायचे आणि अहवाल धाडायचा. त्याचं मुख्य हत्यार स्टॉपवॉच. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातात पडेपर्यंत १.३ सेकंद, तिथून सेकंड बेसपर्यंत २.०. फटक्याची वाट न पाहता पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे पळणाऱ्याला ३.४ लागत असतील तर तो सापडतो, पिचर १.५ वर घसरला की बेस चोरीला जातो. नवखा स्काऊट चेंडू सुटल्यावर घड्याळ दाबतो आणि सगळा हिशेब चुकतो. जो स्वतः कॅचरच्या जागी बसलाय आणि सेकंड बेसवर तो थ्रो घेतलाय, त्याला ही चूक घड्याळाआधी कळते.

अशी नजर म्हणजे यशाची हमी नव्हे, हेही खरं. १९८८ मध्ये एंजल्सने रोहासला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केलं. ७५ विजय, ७९ पराभव, आणि आठ सामने उरले असताना त्याला काढलं.

तरीही अष्टपैलू घडतो तो गरजेपोटी, आणि इम्पॅक्ट प्लेअरने ती गरजच काढून घेतली. सय्यद मुश्ताक अली ट्रॉफी या देशांतर्गत टी-२० स्पर्धेतून मंडळाने २०२४-२५ पासून हा नियम काढला, ते फार चांगलं झालं. आयपीएलचे स्काऊट तिथेच येऊन बसतात. मुंबई, विदर्भ, महाराष्ट्राच्या फलंदाजाने तिथे चार षटकं टाकली, तरच त्यांच्या वहीतला गोलंदाजीचा रकाना भरेल.