सरांच्या नावाने फिरणाऱ्या मजकुराबद्दल खुलासा

साताऱ्यातील आमच्या दिवंगत मराठीच्या सरांच्या वहीतला म्हणून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे : ‘कवी बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म साताऱ्याजवळच्या मर्ढे गावी झाला.’ सरांनी असं कधीच लिहिलं नाही. मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशात फैजपूरला जन्मले. मर्ढे हे त्यांच्या घराण्याचं मूळ गाव.

घोळ कुठे झाला ते मूळ पान पाहताच कळतं. सर कवीचं मूळ गाव डाव्या समासात पेन्सिलीने टिपत आणि जन्मस्थळ उजव्या कडेला शाईने. फोटोत उजवी कड कापली गेली, उरलं ते ‘मर्ढे’. टाइप करणाऱ्याने त्यालाच जन्मगाव मानलं. तपशिलाबाबत इतक्या काटेकोर माणसाच्या नावावर ही चूक राहणं आम्हा विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना सहन होत नाही.

स्मरणग्रंथासाठी वह्या पाठवताना पान सपाट ठेवून चारही कडा दिसतील असा फोटो काढा. वर्ग व वर्ष लिहा. अक्षर सरांचं की तुमचं, हेही कळवा. वर्गात घाईने उतरवलेल्या टिपणांत शब्द गळतात, म्हणून ती आम्ही वेगळी छापणार आहोत. फिरता मजकूर कृपया पुढे पाठवू नका.